उंबऱ्याबाहेरचं मीठ

१

सकाळी उठल्यावर माणूस आधी तोंड धुतो. गुलाबचंद राठोड आधी पुढच्या खोलीत जायचा, काचेच्या टाकीत बोट बुडवायचा आणि चाटून बघायचा. मग काचेचं तरंगतं मीटर पाण्यात सोडून, एक डोळा मिटून खूण वाचायचा. मीटर चोवीसच्या खुणेवर उभं राहिलं की पाणी समुद्राइतकं खारं. जीभ आणि मीटर एकच सांगायला लागले की त्याचा जीव भांड्यात पडायचा. त्यानंतर चूळ.

आता हिंगोलीत समुद्र आणायचा म्हणजे काय खायचं काम आहे का! हिंगोली नुकती कुठे जिल्ह्याचं गाव झाली होती, आणि तिथे नळाला पाणी आलं की बायका अजून एकमेकींना हाका मारत सुटायच्या. बोअरचं पाणी इतकं जड की घागरीच्या बुडाला पांढरी खपली धरायची. प्रवाळाला असलं पाणी विषासारखं, असं मुंबईच्या दुकानदाराने फोनवर बजावलेलं. मग गुलाबचंदने ओमप्रकाशच्या बॅटरीच्या दुकानातून बॅटरीत घालायचं पाणी आणलं, कॅनवर कॅन, सायकलला लटकवून.

“गुलाबभाई, ट्रकों का धंदा चालू किया क्या?” ओमप्रकाश दर खेपेला विचारायचा आणि स्वतःच हसायचा.

“मासे पोसून राहिलो.”

“बॅटरी के पानी में? फिर तो सेल्फ मारते ही चालू होंगे!”

गुलाबचंद दात ओठ खाऊन कॅन बांधायचा. त्याला उत्तर द्यायला वेळ नव्हता. एप्रिल तोंडावर आला होता, टाकीचं पाणी गार ठेवायचं होतं, आणि लाईट तर रोज दुपारी हटकून जायची. टाकीत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सोडायच्या, वरून पंखा लावायचा, लाईट गेली की वर्तमानपत्राने वारा घालायचा. माणूस लेकराचं एवढं करत नाही.

पण हे सगळं लेकरासाठीच तर चाललं होतं. बसस्टँडजवळ त्याचं रंगीत माशांचं पत्र्याचं दुकान होतं. उन्हाळा आला की अर्धे मासे उलटे व्हायचे. अशातच नवीन निघणाऱ्या लहान मुलांच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आमच्या बैठकीच्या हॉलमध्ये खऱ्या प्रवाळाची टाकी लावता येईल का? आधी तुमच्या घरी जगवून दाखवा. जगली तर टाकी लावायचं कामही तुमचं आणि कायमची देखभालही तुमचीच.”

त्याची बायको दिपा म्हणाली होती, “हे झालं तर आपुन हितं टिकतो. न्हाई झालं तर जूनमधी तांड्यावर. मला दुसरं काय न्हाई, पुनम शाळेत गेली पायजे.”

पुनमचं नाव हिंगोलीच्या चांगल्या शाळेत पहिलीला घातलं होतं. तांड्यावरच्या शाळेचे मास्तर पाऊस पडला तर यायचे नाहीत आणि ऊन पडलं तरी यायचे नाहीत. म्हणजे टाकीतलं पाणी टिकलं तर पोरीची शाळा टिकणार होती. इतका साधा हिशोब होता.

२

पाण्यात मीठ कालवून झालं, पांढरी वाळू बसली, मुंबईहून ओल्या कागदात गुंडाळून समुद्रातले भोकाभोकांचे दगड आले. पाणी निवळलं. दोन निळे मासे सोडले, ते टुणटुणीत राहिले. प्रवाळ मागवायची वेळ आली, आणि एक दिवस सकाळी बोट चाटल्यावर गुलाबचंदचं तोंड वाकडं झालं.

पाणी सपक लागत होतं. मीटर तेवीसच्याही खाली गेलं होतं.

जिभेचा दोष असेल म्हणून त्याने चूळ भरली आणि परत चाटलं. तेच. मग डब्यातलं मीठ घेऊन बादलीत विरघळवलं, सावकाश टाकीत ओतलं. संध्याकाळी मीटर चोवीसवर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत खाली.

तो एसटीडी बूथवर गेला. काचेच्या त्या पिंजऱ्यात घामाने निथळत त्याने मुंबईच्या दुकानदाराला गाठलं.

“मीठ कमी होऊन राहिलं,” तो म्हणाला.

“कमी? जास्त होत असेल.”

“न्हाई हो, कमी.”

“अरे भाऊ, पाणी उडतं, मीठ उडत नाही. तुमच्या गर्मीत तर पाणी भराभर उडणार, म्हणजे खारटपणा वाढणार. तुम्ही वरून साधं पाणी घालायचं असतं. मीठ कसं कमी होईल? टाकी गळते का?”

“टिपूस गळत न्हाई.”

“मग तुमच्या मीटरमध्ये खराबी आहे. काठाला बघा, पांढरे मिठाचे थर धरले असतील. सगळ्यांच्या टाकीला धरतात. ते तेवढे पुसत जा.”

गुलाबचंद घरी आला आणि त्याने टाकीचा काठ बघितला. चारही बाजूंनी बोट फिरवलं. मिठाचा कण नव्हता. काच लखलखीत होती, कुणीतरी नुकतीच पुसल्यासारखी. आणि दरवाजाकडचा कोपरा तेवढा ओला होता, जरा चिकट.

३

“दिपा! टाकीला हात कोण लावून राहिलं?”

“मला दुसरी कामं न्हाईत व्हय?” दिपा चुलीपाशी भाकरी थापत होती. “तुमच्या त्या डबक्याकडं मी बघत बी न्हाई.”

“मग काठ पुसतंय कोण?”

“काठ सोच्छ हाय म्हणून भांडून राहिले तुमी? घरातलं बाकीचं कवा सोच्छ दिसलं न्हाई ते?”

तो पुनमवरही ओरडला. पुनम सहा वर्षांची, केस राठ, तेल लावून चापून बसवले तरी पाचव्या मिनिटाला साळिंदरासारखे उभे. दुपारी ती टाकीशेजारीच चटई टाकून झोपायची, कारण बाटल्यांमुळे आणि कूलरमुळे घरात तेवढाच कोपरा गार. “मी न्हाई, पप्पा,” ती म्हणाली. “मला खारं आवडत न्हाई.”

मग त्याने मीटरवर राग काढला. नांदेडहून दुसरं आणलं. नवं मीटर जुन्याशी इमानदारीने सहमत झालं. त्याने टाकीवर काचेचं झाकण कापून बसवलं. सकाळी झाकण जागेवरून सरकलेलं, आणि त्याच्या खालची कड ओली. त्याने झाकणावर दोन विटा ठेवल्या. विटा जागेवर राहिल्या, झाकण जागेवर राहिलं, आणि मीठ परत उतरलं. आता मात्र समोरच्या काचेवर बाहेरून एक रुंद पुसट पट्टा उमटला होता, खालून वर गेलेला. तळहातापेक्षा रुंद. त्याने ओल्या फडक्याने तो पुसला. दुपारपर्यंत तिथे तीन पट्टे होते.

तो डोकं धरून बसला. हा माणूस मूर्ख नव्हता. बारावी सायन्स केलेलं, गणितात एक मार्क कमी पडला म्हणून कॉलेज राहिलं, त्या एका मार्काचा राग त्याच्या मनात अजून होता. जगात गोष्टी उगाच होत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मीठ एक तर पाण्यात असतं, नाहीतर बाहेर. बाहेर नाही. मग गेलं कुठे? मिठाचा डबा अर्ध्यावर आला होता. त्याला रडावंसं वाटलं, आणि रडायला आलं म्हणून अजून चीड आली.

४

दुपारी लाईट गेली. कूलर कण्हत थांबला, पंखा थांबला, टाकीतला पंप थांबला. एरवी हे सगळं इतकं घरघरायचं की घराला स्वतःचा आवाज आहे हेच कुणाच्या लक्षात नव्हतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारं-खिडक्या उन्हासाठी लावून घेतलेल्या. दिपा शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडायला गेली होती. पुनम चटईवर गाढ झोपलेली.

गुलाबचंद आतल्या खोलीत बनियनवर पडला होता. त्याला आवाज आला.

खरखर. थांबलं. खरखर.

कुणी खरखरीत टॉवेलने काच घासतंय, असा. पण टॉवेलला मध्ये श्वास लागत नाही. याला लागत होता. मोठा, ओला, सावकाश श्वास, आणि मग पुन्हा खरखर.

तो उठला. “कोण हाय?” म्हणत पुढच्या खोलीत आला. कुणी नव्हतं. पुनम झोपलेली. निळे मासे मागच्या दगडांच्या भोकात घुसून बसले होते. टाकीत सकाळीच बर्फाच्या बाटल्या सोडल्या होत्या, त्यामुळे काच गार होती, आणि त्या गार काचेवर बाहेरच्या बाजूने दोन गोल धुकट ठिपके होते. शेजारी शेजारी. त्याच्या डोळ्यांदेखत ते विरले, आणि परत उमटले.

हवा दमट आहे, त्याने मनाशी म्हटलं. पण एप्रिलात हिंगोलीची हवा दमट असते असं कोणत्याही शहाण्या माणसाने कधी म्हटलेलं नाही, हे त्यालाही माहीत होतं.

खोलीला गोठ्याचा वास येत होता. या गल्लीत एकाकडेही जनावर नव्हतं.

५

दोन-चार दिवसांनी त्याची आई आली. अनुसयाबाई तांड्यावर, सेनगावच्या रस्त्याने पुढे साखऱ्याच्या बाजूला राहायची. पिशवीभर कैऱ्या घेऊन, पहिल्या एसटीने आली. तिला तो ‘याडी’ म्हणायचा, जसं तांड्यावर सगळेच आपल्या आईला म्हणतात.

ती पायरीवरच थांबली. दारातल्या दगडाकडे तिने बघितलं. हा दगड दिपाने तांड्यावरून आणला होता, ताटाएवढा, मधोमध खोलगट. तांड्यावर रीत आहे: मीठ घरात घेताना पहिली मूठ उंबऱ्याबाहेर दगडावर ठेवायची. पूर्वी त्यांची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुख तुडवायची. पुढे रस्ते झाले, रेल्वे आली, बैल गेले, गोण्या गेल्या, माणसं शेतीला लागली. मूठ तेवढी राहिली. दिपा तर पुडीतल्या मिठातूनही चिमूट ठेवायची. का ठेवायची, ते कुणी विचारत नव्हतं.

अनुसयाबाई आत आली, टाकीपाशी उभी राहिली, मग कोपऱ्यातल्या निळ्या प्लॅस्टिकच्या डब्याकडे तिचं लक्ष गेलं. त्यावर इंग्रजी अक्षरं होती, माशाचं चित्र होतं.

“ह्यात काय हाय, गुलाब?”

“टाकीचं औषध.”

तिने झाकण काढून एक कण जिभेवर ठेवला. “हे मीठ हाय.”

“मीठ न्हाई गं याडी, ते वेगळं असतंय. त्यात शंभर गोष्टी असतात. खायचं न्हाई ते.”

“घरात घेताना भाइर ठिवलं होतं?”

“सांगितलं ना, ते मीठ न्हाई!”

“मीठ न्हाई तर तू सकाळ-सकाळ चाटून काहून बघून राहिला?”

गुलाबचंदने हात झटकले आणि दुकानात निघून गेला. संध्याकाळी परतला तेव्हा दारातल्या दगडाच्या खळग्यात निळ्या डब्यातलं पांढरंशुभ्र मीठ भरलेलं होतं, मूठभर नाही, ओंजळभर.

“एवढं महागाचं!” तो किंचाळला.

“भरू दे,” आई म्हणाली. “आन ध्यान धर, ह्यो दगड भाइरच ऱ्हाऊ दे. काई झालं तरी भाइर.”

६

सांगायला लाज वाटते, पण मीटर चोवीसवर थांबलं.

सकाळी चोवीस, संध्याकाळी चोवीस. टाकीच्या काठावर पांढरी नाजूक खपली धरायला लागली, दुकानदाराने सांगितली होती तश्शी. दगडावरचं मीठ मात्र रोज संपायचं, खळगा चाटूनपुसून लख्ख. दिपा रोज नवीन ओंजळ ठेवायची. गुलाबचंद त्या दगडाकडे बघायचाच नाही. पाणी टिकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण त्याच्या अंगाची लाहीलाही व्हायची. आपण एवढी मीटरं आणली, झाकणं कापली, फोन केले, आणि टिकलं कशाने, तर म्हणे ओंजळभर मिठाने! आंधळ्याच्या हाताला लागावं तसं काहीतरी झालंय, मुंबईहून नवीन मागवलेला मिठाचा डबा चांगला निघाला असेल, असं तो स्वतःला समजावत राहिला.

प्रवाळ आले. ट्रॅव्हल्सच्या गाडीने, थर्माकोलच्या खोक्यात, पाण्याच्या फुगलेल्या पिशव्यांत. नवशिक्याला झेपतील असे, मऊ जातीचे: एकाला बटणांसारखी फुलं, एक कुत्र्याच्या छत्रीसारखा, एक हाताच्या पंज्यासारखा. पहिले दोन दिवस मिटून बसले. मग एका सकाळी गुलाबचंद आला तर बटणं उघडलेली, हिरवी, मधून केशरी. आणि पंज्याची बोटं पाण्यात डुलत होती.

“पप्पा, ते आपल्याला बोलवून राहिलेत!” पुनम ओरडली.

गुलाबचंदच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने पोरीला उचललं, तिच्या घामेजल्या गालाची खारट पापी घेतली आणि तिचे उभे केस विस्कटले. हे जगलं तर पोरगी शिकली, एवढंच त्याच्या मनात होतं.

७

डॉक्टरीणबाई बघायला येणार म्हणून निरोप आला. गुलाबचंदने घर धुवून काढलं. आणि तेव्हा त्याला दारातला दगड दिसला. चिकट, लाळेसारख्या ओलीने माखलेला. भोवतालच्या धुळीत थेंबांचे डाग. डॉक्टरीणबाई काय म्हणतील? हा माणूस मुलांच्या दवाखान्यात टाकी लावणार आणि याच्या दारात हे असलं?

“दगड हलवू नका,” दिपा म्हणाली. “याडीनं सांगितलंय.”

“याडी येऊन बाईंना समजावणार व्हय? माझी इज्जत जाऊन राहिली हितं!”

कूलरचा एक पाय कधीचा डगडगत होता. गुलाबचंदने दगड घासूनपुसून आत आणला आणि त्याची एक कड त्या पायाखाली सरकवली. कूलर बरोबर बसला. तेवढंच एक काम मार्गी लागल्याचं त्याला बरं वाटलं.

बाई आल्या, टाकीसमोर वाकून बघत राहिल्या. “कमाल केलीत हो,” म्हणाल्या. “शाळा उघडायच्या सुमारास दवाखाना सुरू करतोय. तोवर असंच राहिलं तर काम तुमचं.”

त्या गेल्यावर दिपा म्हणाली, “आता ठिवा दगड भाइर.”

“का म्हणून? दगडाने टिकवलं का मी टिकवलं?”

“तुमीच टिकवलं. पण ठिवा.”

“न्हाई ठेवत!” तो इतक्या जोरात ओरडला की पुनम दचकली. सगळ्या उन्हाळ्याची चीड त्या ओरडण्यात होती. दगड कूलरखाली राहिला.

८

पुढच्या सकाळी पाणी सपक. त्याच्या पुढच्या सकाळी जास्त सपक. मीटर असं बुडायला लागलं की त्याच्याकडे बघवेना. बटणं मिटली. पंजा लोळागोळा होऊन दगडावर पडला आणि त्याच्यावर शेंबडासारखी बुळबुळ आली. गुलाबचंद मीठ ओतत होता, पाणी बदलत होता, देवाला, मुंबईला आणि वीज मंडळाला शिव्या घालत होता.

भर दुपारी लाईट गेली आणि खरखर सुरू झाली. या खेपेला तो आतल्या खोलीत नव्हता. टाकीसमोरच, भिंतीला टेकून बसला होता, डोळे उघडे ठेवून.

समोरच्या काचेवर पट्टा उमटला. खालून वर. ओला. मग दुसरा. वर पाण्याचा पृष्ठभाग एका कोपऱ्यात खोलगट झाला आणि परत सपाट झाला, आणि घोट गिळल्याचा आवाज आला. बारीकसा नाही. मोठा, लांब गळ्यातून खाली उतरणारा. त्याच्या चेहऱ्यावर कोमट वारा आला, कडब्याच्या वासाचा. तो हलला नाही. हलताच येईना.

मग त्याच्या लक्षात आलं की आवाज फक्त खोलीत नाही. बाहेरही आहे. पाय बदलल्याचा, नाक फुरफुरल्याचा, माशा हाकलल्याचा. रांग लावून उभं राहिल्यासारखा. त्याने गुडघ्यांवर सरकत खिडकीची फट गाठली आणि बाहेर बघितलं.

गल्ली रिकामी होती. ऊन रणरणत होतं. पण त्याच्या दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत आणि तिथून वळून सेनगावच्या रस्त्याला लागेपर्यंत धुळीत काळे ओले थेंब पडत होते, जिथे पडत होते तिथे वाळत होते, आणि परत पडत होते. दोन-चार नव्हे. नजर पोचेल तिथपर्यंत.

लाईट आली. पंप घरघरला. गुलाबचंद उठला, त्याने नळी टाकीत घातली आणि सगळं पाणी मोरीत सोडून दिलं. समुद्र, वाळू, मेलेली बटणं, सगळं. “घ्या! घ्या, चाटा आता!” तो ओरडत होता. “संपलं मीठ! काय चाटता ते चाटा!” उरलेला निळा डबा त्याने गल्लीतल्या गटारात रिकामा केला.

९

आणि गंमत बघा, काही बिघडलं नाही. डॉक्टरीणबाईंकडे तो मान खाली घालून गेला, तर त्या म्हणाल्या, “जाऊ द्या हो, गोड्या पाण्याचे रंगीत मासे लावा. मुलांना काय, मासे दिसले म्हणजे झालं.” काम मिळालं. दिपाने पुनमचा गणवेश शिवायला टाकला, दप्तर आणलं. एवढी चरफड केली ती कशासाठी, असं गुलाबचंदला वाटायला लागलं. तो रात्री गाढ झोपायला लागला.

एक गोष्ट दिपा म्हणाली, तीही सहज. “तुमच्या बनियनवर आता घामाचे पांढरे डाग न्हाई पडत. साबण चांगला दिसतोय.”

आणखी एक. पुनमचे केस बसायला लागले. तेल नाही, पाणी नाही, तरी सगळे एका अंगाला चापून बसलेले, वासराच्या कपाळावर असतात तसे. “शहाणी झाली माझी पोरगी,” दिपा म्हणायची. पण पोरगी दिवसभर पेंगायची. जेवण नको म्हणायची, तिचे पाय भरून यायचे. उन्हाळ्याचा थकवा, असं सगळेच म्हणाले.

शाळा उघडायच्या आदल्या दुपारी पुनम नवे बूट घालून घरभर फिरत होती. चक्कर आल्यासारखी झाली आणि उंबऱ्याला अडखळून पडली. गुडघा सोलवटला. ती मुसमुसायला लागली. गुलाबचंदने तिला मांडीवर घेतलं, डोळे पुसले, आणि उन्हाळाभर लागलेली ती सवय, नकळत बोट जिभेला लागलं.

आसवांना चव नव्हती. ओमप्रकाशच्या कॅनमधल्या पाण्यासारखी सपक.

त्याने तिचा गाल चाटला, कपाळ चाटलं. घाम दिसत होता, चमकत होता, आणि त्याला काही चव नव्हती. “पप्पा, तुमी बी?” पुनम कंटाळून म्हणाली आणि त्याच्या मांडीवरून उतरून आत आपल्या चटईवर जाऊन पडली.

“मीठ! दिपा, मीठ आण!” तो धावला, स्वयंपाकघरातली बरणीच उचलून आणली आणि दाराबाहेर उपडी केली. “घ्या. हे घ्या. सगळं घ्या, पाया पडतो.” पांढरा ढीग फरशीवर उन्हात पडून राहिला. त्याला कुणी शिवलं नाही. एक कण हलला नाही. मग त्याला आठवलं की मीठ फरशीवर ठेवायचं नसतं, दगडावर ठेवायचं असतं.

तेवढ्यात लाईट गेली. कूलर कण्हत थांबला.

तो वळला. दगड आत होता, त्यानेच सरकवला होता तिथे, कूलरच्या पायाखाली. तेव्हापासून त्याच्यावर कूलरचं पाणी ठिबकत होतं, म्हणून तो गार होता. पुनम चटईवर कुशीला वळली होती, आणि रोजच्या सवयीने तिने गाल त्या दगडाच्या खळग्यात ठेवला होता. डोळे मिटलेले. बाहेर गल्लीत धुळीवर पाय बदलल्याचा आवाज आला, एकापाठोपाठ एक, लांबपर्यंत. गुलाबचंदच्या शेजारून, त्याच्या दंडाला लागून, काहीतरी कोमट आणि मोठं सावकाश उंबरा ओलांडून आत गेलं.

पुनमचे केस कपाळापासून मागे, हळूहळू, एका अंगाला आडवे झाले.

“गुदगुल्या होऊन राहिल्या,” ती झोपेत हसली.

तो तिच्याकडे धावला, आणि त्याच वेळी लाईट आली, कूलर घरघरायला लागला, आणि मग त्याला दुसरा कुठलाच आवाज ऐकू येईना.